त्याच्या वाट्याचा रोट

यजमान जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. देवावरचा माझा विश्वास उडाला होता असे म्हणवत नाही. तो कुठे ठेवला होता तेच आठवत नव्हते. हिवाळ्यात त्यांना धुळ्याला दाखल केले, तेव्हा घरच्यांना क्षय एवढेच कळले. डॉक्टरांनी मला एकटीला बाजूला घेऊन सांगितले की क्षयाच्या मागे एचआयव्ही आहे, तुम्हीही रक्त तपासून घ्या. मी मान हलवली. नंतर दोनदा तपासणी केंद्राच्या दारापर्यंत गेले आणि तशीच बसस्टँडवर परत आले.

मी जळगावच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. काही सुचेनासे झाले की पुस्तकात शोधायचे, ही माझी जुनी खोड. आमच्या कपाटात एक जुना अहवाल होता. ही लागण कोणकोणत्या लोकांत कशी पसरली याचे तक्ते त्यात होते: ट्रकचालक, कामासाठी गाव सोडून जाणारे मजूर, देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, सुईने नशा करणारे. मी बोट ठेवत खाली उतरत गेले. आमचे घर त्यात कुठेच बसत नव्हते, आणि कबूल करते, मला बरे वाटले. पान उलटले तर पुढच्या रकान्यावर लिहिले होते, विवाहित गृहिणी. मी अहवाल मिटला.

दुसऱ्या पुस्तकात वाचले की हा विषाणू पेशीत शिरून आपला मजकूर उलट्या दिशेने लिहितो आणि पेशीच्या मूळ पोथीत मिसळून टाकतो. पेशी मग तो आपलाच समजून वर्षानुवर्षे उतरवत राहते. त्या दिवसापासून रिकाम्या घरात मला एकटी असल्यासारखे वाटेना. बारीक ताप येई, जिभेवर पांढरा थर दिसे. दुपारी पंखा बंद करून बसले की वाटे, आत कोणीतरी सावकाश लिहीत बसले आहे. यजमानांना हे कुठून लागले ते मला माहीत नाही. विचारायचे ज्यांना तेच राहिले नव्हते.

श्रावणात कानबाईसाठी सासरी, धुळ्याला, जावेच लागले. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे नारळाला साज चढवून देवी बसवतात. त्याआधी घरातल्या प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचा, तो दळून त्याचे रोट करायचे. ते भाऊबंदांबाहेर द्यायचे नाहीत, टाकायचे तर नाहीतच. सासूबाईंना सगळे अक्का म्हणतात. नजर अधू झाली तरी गहू त्याच काढतात. एकेक नाव घेत मुठी टाकताना त्यांनी सवयीने आपल्या गेलेल्या मुलाचेही नाव घेतले. पाखडणाऱ्या बायकांचे हात थांबले.

धाकटी जाऊ हळूच म्हणाली, "अक्का, भाऊ आते कोठे शेतस?"

"माले ठाऊक शे. निंघी गयी ती मूठ. आते मांगे लेवानी नही."

रविवारी नैवेद्य झाल्यावर सगळे रोटांना बसले. पुस्तकांनी स्पष्ट सांगितले होते की सोबत जेवल्याने हे पसरत नाही. तरी सात महिने चारचौघांत मी माझे ताट-पेला वेगळे ठेवत होते. त्या दिवशीही खांबाशी जाऊन बसले. जाऊ हसली. "जळगावनी बाई पुस्तक वाचीसन पोट भरस." सगळे हसले, मीही हसले. मग अक्का चाचपडत उठल्या आणि एक रोट माझ्या ताटात ठेवून म्हणाल्या, "त्याना वाटा तुनाच शे. तुले खावाच लागी."

अक्कांना आजाराचे काहीही माहीत नव्हते. यजमानांच्या नावाचा रोट मी मोडला. सकाळी भाजलेला तो रोट आतून अजून कोमट होता. मी शेवटच्या कणापर्यंत खाल्ला.

सोमवारी सकाळी पांझरेवर विसर्जनाला गेलो. गल्ल्यागल्ल्यांतल्या कानबाई एकत्र निघतात, वाजंत्री असते, बायकांच्या अंगात येते. घाटाजवळ एक अनोळखी बाई केस सोडून घुमत होती. ती रांगेतल्या सगळ्यांना ओलांडून माझ्यापुढे थांबली. तिने माझा डावा हात धरला, कोपरात सरळ केला आणि कुंकवाने भरलेला अंगठा नेमका त्या खळगीत दाबला, जिथून रक्त काढतात. शीर वर येईपर्यंत दाबून धरला.

"इतलं काब्रं थांबनी?" इतकी का थांबलीस, असे तिने विचारले. आवाज अगदी साधा, घरातला. लगेच तिचे डोळे रिकामे झाले आणि तिने शेजारणीकडे पाणी मागितले. ती कोणत्या गल्लीतली, हे कोणालाच सांगता आले नाही. मी त्याचा अर्थ लावत नाही. जे झाले ते लिहिते आहे.

नदीवरून मी तडक रिक्षाने रुग्णालयात गेले. रक्त घेणाऱ्या ताईंनी कापसाने कुंकू पुसले. "कानबाईवरून आल्या वाटतं. मूठ आवळा... आता सोडा." दुपारी निकाल सांगितला. लागण होती. ज्याला इतके महिने भीत होते ते ऐकताना मन विलक्षण शांत होते. आतला लिहिणारा आहे हे कळले, आणि त्याच क्षणी त्याची भीती गेली.

त्याला आता दोन वर्षे झाली. रोज गोळी घेते. ताप नाही. विषाणू तपासणीत दिसणार नाही इतका दबला आहे. गोळ्या सुरू झाल्यावर महिन्याभराने अक्कांना सगळे सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, "गोयी जेवाना पह्यले का मांगे?"

देवीने मला वाचवले की नाही, हे सांगण्याची माझी योग्यता नाही. पण स्वतःला वेगळे ठेवण्याचा माझा हट्ट तिने काढून घेतला, त्यासाठी मी रोज हात जोडते. शरण जाणे म्हणजे मला वाटे काहीतरी मोठे असेल. गोळ्या घ्यायला जाते तेव्हा केंद्राबाहेरच्या बाकावर चोपड्याकडचा केळीच्या ट्रकचा चालक असतो, पेढीवाल्यांच्या घरची सोन्याच्या पाटल्या घातलेली सून असते, कारखान्यावरून परतलेली ऊसतोडणीवाली असते. मागच्या महिन्यात एक नवी बाई आली. डोक्यावरून पदर ओढून ती दारातच उभी राहिली, आमच्याकडे बघत, आपण यांच्यातल्या नाही हे मनाशी ठरवत. मी पिशवी मांडीवर घेतली आणि थोडी सरकले.

बऱ्याच वेळाने ती येऊन बसली.