आमचा स्लॅब मधेच थांबलाय

मंडळी, कासुर्डीत आमच्या नव्या घराचा स्लॅब आज मधेच थांबला. माझ्यामुळं.

मी विद्यापीठात क्वांटिटी सर्व्हेइंग शिकते, म्हणजे बांधकामाला किती माल लागेल ते काढायला. आप्पा, माझे वडील, गावभर सांगत होते, "अंदाजानं न्हाई, लेकीच्या हिशोबानं माल आणलाय."

सकाळी मिक्सर सुरू झाला. स्लॅबच्या जेवणाला पाहुणे आले, मटण शिजायला लागलं. दोन खोल्या झाल्या आणि तिसरीच्या तोंडाशी खडी, वाळू, सिमेंट सगळंच संपलं.

तेव्हा माझी चूक ध्यानात आली. कोरडा माल पाणी घालून कालवला की दबतो, म्हणून दीडपट मागवावा लागतो. मी स्लॅबच्या मापाएवढाच सांगितला होता. अगदी सुरुवातीला शिकवतात हो हे!

आज रविवार, खडी फोडणारा क्रशर बंद. किती जणांना फोन लावले, कुणी खडी देईना. असा मधेच थांबलेला स्लॅब पुढं जोडातून गळतो, हेही मी वर्गातच शिकलेय.

पाहुण्यांनी विचारलं तर आप्पा म्हणाले, "गाडीवाल्यानं खडी कमी टाकली." सगळ्यांनी गाडीवाल्याला शिव्या घातल्या. मी खाली मान घालून रस्सा वाढत होते.

आत्ता आप्पा दारात येऊन म्हणाले, "उद्या पेपर हाय ना तुझा? बस अभ्यासाला."

पेपर याच विषयाचा आहे. हा प्रश्न आला तर उत्तर चुकणार नाही. पण सांगा, कुठल्या तोंडानं लिहू?