बंडूजींना गप्प करायची आज्ञा

धाम नदीकाठच्या पवनारच्या कुंताबाईंनी चौतीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं नाव फक्त दोनदा घेतलं होतं. एकदा लग्नाच्या दिवशी उंबरठ्यावर, आणि दुसऱ्यांदा गुंजनच्या वेळच्या डोहाळजेवणात. दोन्ही वेळा बायकांनी वाट अडवली म्हणून, आणि दोन्ही वेळा उखाण्यात. एरवी रेशनकार्ड असो की बँकेचा फॉर्म, ते नाव लिहायची वेळ आली की त्या कागद शेजारच्या माणसापुढे सरकवतात. तो शेजारचा माणूस बहुतेक वेळा मीच असतो. मी मधुकरराव, एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. आयुष्यभर नाना तऱ्हेचे प्रवासी पाहिले, पण इतकी हुशार आणि इतकी हट्टी बाई मला वर्धा जिल्ह्यात दुसरी भेटलेली नाही.

गुंजन नोकरीसाठी पुण्याला गेली आणि घर सुनं झालं. फोनवर मायलेकींचं बोलणं दोन मिनिटांत संपायचं. जेवली का, जेवले, ठेवू का, ठेव. मग पोरीने आईच्या मोबाइलमध्ये लढाईचा एक खेळ टाकून दिला. चौघांची एक टोळी, अशा पंचवीस टोळ्या एका बेटावर उतरतात आणि एकमेकांना बाद करत सुटतात. चौघं हवेच असतात म्हणून मायलेकींनी कुंताबाईंच्या नवऱ्याला, बंडूजींना, आणि मला ओढलं. मी नको नको म्हणत होतो. आता संध्याकाळी सहाला कुणी पाहुणा आला तर मला तो नकोसा होतो.

कुंताबाई या खेळात पहिल्याच महिन्यात कप्तान झाल्या. वानरांपासून वांग्याची राखण करण्यात ज्या बाईची हयात गेली, तिला झुडपात दबा धरून बसायला कुणी शिकवायचं? गोळी एकच झाडतात, पण ती वाया जात नाही. बाकीचा वेळ लेकीशी बोलतात. वांगं किती निघालं, पुण्याच्या खोलीत पाणी येतं का, अमुकची सोयरीक कुठे जमली. समोर कुणी आलंच तर त्याला बाद करून वाक्य पुढे चालू. त्या एका तासासाठी ही बाई दिवसभर भराभर कामं उरकते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

दुखणं होतं ते बंडूजींचं. संध्याकाळी बंडूजी वर्ध्याच्या बाजारात भाजी विकायला बसलेले असतात आणि तिथूनच खेळतात. खेळात बोलण्या-लिहिण्याच्या तीन सेटिंग आहेत : सर्व, टोळी आणि बंद. 'सर्व'वर ठेवलं की बेटावरचे शंभरच्या शंभर लोक ऐकतात. गुंजनने तीन रविवार खपून बापाला 'टोळी'वर ठेवायला शिकवलं, आणि तिन्ही वेळा त्यांनी ते परत 'सर्व'वर नेलं. एवढी माणसं जमली असताना चौघांशीच कुजबुजत बसायचं, हे त्यांच्या मते चांगल्या माणसाचं लक्षण नव्हतं. त्यामुळे आम्ही कुठल्या भिंतीमागे लपलोय ते शत्रूला आमच्या आधी कळायचं. वर चष्मा नको म्हणून आलेला प्रत्येक मजकूर मोबाइलने मोठ्याने वाचून दाखवावा, ही सोय त्यांनी बरोब्बर शोधून लावून ठेवली होती. तेवढं मात्र त्यांना जमलं.

खेळाच्या यंत्राकडून पहिला इशारा आला तो राम रामचा. बंडूजींनी शहाण्णव शत्रूंना एकेकाला वेगळा राम राम घातला आणि यंत्राला तो छळ वाटला. दुसरा आला सांबाराचा, म्हणजे आमच्याकडच्या कोथिंबिरीचा. बाजारात ते सवयीने ओरडले की ताजा सांबार घ्या, आणि यंत्राने जाहिरात करता म्हणून टोळीला दम भरला. तिसऱ्या इशाऱ्याला टोळी कायमची बंद होणार होती, चौघांचे खेळ पुसून. हे वाचलं त्या दिवशी कुंताबाई मेथीच्या जुड्या बांधायच्या थांबल्या. मला म्हणाल्या, "भाऊजी, पोरगी आता कुठं माह्याशी बोलून राह्यली. हे बंद झालं तं पुन्हा जेवली का अन् ठेव."

त्यावर खेळातच एक तोड होती. कप्तानाने चॅटमध्ये तिरकी रेघ काढायची, पुढे 'गप्प' लिहायचं आणि त्यापुढे खेळाडूचं नाव. तो गडी त्या डावापुरता मुका होतो. बंडूजींनी खेळात आपलं खरं नावच लावलेलं, आणि ते बायकोने लिहायचं! बोटाने लिहिलं काय न् तोंडाने घेतलं काय, कुंताबाईंच्या लेखी एकच. तेव्हा आमचं असं ठरलं की रोज डाव सुरू झाला की मी त्यांच्या ओसरीवर जाऊन त्यांच्या मोबाइलवर ते नाव लिहून द्यायचं. सरकारी अर्ज लिहिले तसंच हे. पंधरा दिवस बिनबोभाट गेले. बंडूजी तिकडे बोलत राहायचे, इकडे कुणाला ऐकू यायचं नाही आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

सोळाव्या दिवशी माझ्या व्याह्यांकडे बोरगाव मेघेला वास्तुशांती निघाली. डाव सुरू झाला तेव्हा मी तिथल्या गच्चीवर, कानात इअरफोन घालून. उतरल्या उतरल्या बंडूजींचा आवाज आला, कारण ओसरीवर लिहून द्यायला मी नव्हतो. ते कुणा गिऱ्हाइकाला मेथी कालची नसल्याचं शपथेवर सांगत होते. बेटावरचे शंभर जण ती शपथ ऐकत होते.

कुंताबाईंनी आज्ञा द्यायला सुरुवात केली. प्रत्येक आज्ञा आणि तिच्यावरचं यंत्राचं उत्तर आम्हाला पडद्यावर दिसत होतं. 

/गप्प हे
असा खेळाडू सापडला नाही.
/गप्प आमचे हे
असा खेळाडू सापडला नाही.
/गप्प गुंजनचे बाबा
असा खेळाडू सापडला नाही.
/गप्प घरधनी
असा खेळाडू सापडला नाही.

गुंजन पुण्याहून रडकुंडीला येऊन सांगत होती की आई, तीन अक्षरं आहेत गं. डाव चालू असताना कप्तान बदलता येत नाही, म्हणून मलाही काही करता येईना. मी कुंताबाईंना मनातल्या मनात नको ते बोललो. तिकडे बंडूजींनी सांबाराकडे मोर्चा वळवला होता. "घ्या ताजा" एवढं ऐकू आलं आणि आमच्या पडद्यावर इशाऱ्याची पिवळी पट्टी लुकलुकायला लागली. संपलं, असं मी स्वतःशी म्हणालो, आणि मला त्या बाईची खरंच कीव आली.

तेवढ्यात कुंताबाईंनी काय करावं? त्यांनी आपलं सेटिंग 'टोळी'वरून उचललं आणि 'सर्व'वर नेलं. का, ते मला नंतर कळलं. नाव उखाण्यातच घ्यायचं आणि उखाणा चार माणसांत घ्यायचा असतो, कोपऱ्यात नाही. मग त्यांनी लिहिलं :

धामच्या काठी वांगी लावली, वाफ्यात सोडलं पाणी,
बंडूजीचं नाव घेते, आता बंद करा वाणी.

तिरकी रेघ नाही, 'गप्प' नाही. आज्ञा मोबाइल मोठ्याने वाचत नाही; आणि यंत्राच्या दृष्टीने ही आज्ञाच नव्हती, साधा मजकूर होता. पण बंडूजींच्या मोबाइलने तो भर बाजारात, बातम्या दिल्यासारखा, खणखणीत वाचला. आम्ही तो त्यांच्या उघड्या माइकमधून ऐकला. सांबाराची आरोळी मधेच तुटली. शेजारची भाजीवाली खळखळून हसली. कुणी तरी विचारलं, "काकाजी, वांगे कसे देल्ले?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. नाहीच. बंडूजी गप्प बसलेले मी पस्तीस वर्षांत पहिल्यांदा ऐकत होतो.

पिवळी पट्टी दोनदा लुकलुकली आणि विझली. बेटावर गोळीबार थांबला होता. कुठल्या कुठल्या गावची पोरं लिहीत होती की वहिनी, आणखी एक. कुंताबाईंनी त्यातल्या एकाला, तो लिहिण्यात गुंग असताना, झुडपातून बाद केलं आणि गुंजनला विचारलं की पुण्यात सांबार कसा मिळतो. आम्ही चौथे आलो. टोळी शाबूत राहिली.

पुढचा डाव लागला, मी इअरफोन काढणार होतो, तेवढ्यात बंडूजींचा आवाज आला. इतका हळू की मी ओळखलाच नाही. पडद्यावर पाहिलं तर त्यांनी स्वतःच्या हाताने, कुणी न सांगता, सेटिंग 'टोळी'वर आणलं होतं.

"अजून एक डाव घेशीन का वं माहं नाव?"

मग पडद्यावर कुंताबाईंची एक ओळ उमटली, तिरक्या रेघेसकट, अक्षर न् अक्षर बरोबर :

/गप्प बंडूजी

यंत्राने आज्ञा लगेच मानली.