नापास पोरींच्या बाई

उन्हाळी वर्गाच्या पहिल्या दिवशी गजभिये बाई एकेकाला उभं करून विचारायच्या, "तुले काय शिकायचं आहे?" कोणी "तुम्ही सांगाल ते" म्हटलं की भडकायच्या. "मी काहून सांगू? डोकं तुझं आहे ना!"

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या आमच्या शाळेत सातवीत नापास झालेल्यांचा वर्ग मे महिन्यात सकाळी भरायचा आणि जूनमध्ये फेरपरीक्षा. बाबांनी मला बजावलं होतं, यंदा पास झाली नाहीस तर शाळा बंद. मी घाईघाईने म्हणाले, "मले गणित आलं पाहिजे."

"गणित म्हणजे अख्खा इतवारीचा बाजार झाला वं! दुकान कोणतं ते सांग."

"अपूर्णांक."

"त्यात काय अडते?"

"भागाकार. कोणता उलटा करायचा तेच समजत नाही."

"हां, आता कसं बोलली! हे पयले. बाकीचं मग पाहू."

आठवड्याभराने हेडमास्तर आले. खसाच्या ओल्या ताट्या लावून गार खोलीत बसणारा माणूस, आमच्याकडे कशाला फिरकेल? पण आले आणि आल्या आल्या फर्मान सोडलं: मुलींना गणित झेपत नाही, त्यांनी उद्यापासून शिवणकाम शिकावं. आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. आमचं एक गणित तरी पाहिलं होतं का यांनी?

"सर," बाई म्हणाल्या, "पोरगा नापास झाला तर पुन्हा गणित, अन् पोरगी नापास झाली तर सुई? काहून?"

"बाई, तुम्ही वाद घालून राहिल्या."

"मी शिकवून राहिली, सर." आणि माझ्याकडे वळून, "अर्धा भागिले पाव. सांग वं."

"दोन," मी म्हणाले. हेडमास्तर निघून गेले आणि आमचं गणित चालू राहिलं.

मी पास झाले, आठवीत गेले. निकालाच्या दिवशी हेच हेडमास्तर "आमच्या उन्हाळी वर्गाचं यश" म्हणून मिरवले. निर्लज्जपणाची कमालच! आणि बाईंची बदली लकडगंजच्या शाळेत करून टाकली.

पुढच्या वर्षी माझी धाकटी बहीण शशी सातवीत गणितातच नापास झाली. त्या उन्हाळ्यात मुलींना शिवणकामच होतं. फेरपरीक्षेत ती पुन्हा आपटली आणि बाबांनी तिची शाळा सोडवली. आज तिच्या हातचे ब्लाउज मोहल्लाभर नावाजतात. लोक कौतुक करतात आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

परवा काज करता करता ती सहज म्हणाली, "मले गणितालेच बसायचं होतं वं ताई. पयल्याच दिवशी वर्गात मी सांगतलं पण होतं."