बहिणीचा रद्द केलेला बास्केट

ओल्या चुन्याचा वास आला की मला बालाघाटचं बास्केटबॉलचं मैदान आठवतं. ठरलेले पंच आलेच नाहीत म्हणून अंतिम सामन्यात ऐनवेळी शिट्टी माझ्या हाती आली, आणि आमच्या संघात माझीच धाकटी बहीण खेळत होती. शेवटच्या क्षणी लांजीचा संघ एका गुणाने पुढे होता. बहीण चेंडू घेऊन सुसाट धावली, लांजीच्या एका बारक्या मुलीवर आदळली, दोघी पडल्या आणि चेंडू जाळीतून खाली आला. मैदान नाचू लागलं. ती मुलगी धावत आडवी आली असती तर चूक तिची ठरली असती, पण ती आधीच पाय रोवून उभी होती, हे मी पाहिलं होतं. मी शिट्टी वाजवून बास्केट रद्द केला. “सगी बहन है, फिर भी!” कुणीतरी ओरडलं. बहिणीने त्या मुलीला हात देऊन उठवलं आणि माझ्याकडे पाहून हसली, “हौ वं ताई, उभीच होती ते. मलेच थांबता नाही आलं.” आम्ही हरलो. परतताना ती ऑटोवाल्याला ऐटीत सांगत होती, “ये मेरी दीदी है, पंच है. मेरी भी नहीं सुनती!” आता ती स्वतः पंच आहे, आणि प्रेक्षकांत बसून तिच्यावर मीच ओरडते.