स्पिरिटने पुसलेला सॅक्सोफोन

जॅझच्या क्लासमध्ये सरांनी माझ्या हातातून सॅक्सोफोन ओढून घेतला. रुमालाने माउथपीस पुसला. तेवढ्याने भागेना, म्हणून स्पिरिटची बाटली मागवली. सगळ्या वर्गासमोर घासघासून पुसला. माझ्या आधी चार जणांनी तोच फुंकला होता. त्यांच्या वेळी रुमाल पुरला होता.

चूक माझी म्हणे. आमचे आबा लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवतात. वरातीत त्यांचा दम संपला की काका तोच सॅक्सोफोन ओठाला लावतो. पुसत कोण बसतं? गाणं तुटता कामा नये, एवढंच आम्हाला ठाऊक. त्याच सवयीने मी क्लासचा सॅक्सोफोन तसाच पुढच्या मुलासमोर धरला. तो मागे सरकला.

"सर, हे उष्टं आहे. ही बँडवाल्यांची आहे."

सर त्याला काही बोलले नाहीत. मला म्हणाले, "यापुढे तू शेवटी वाजवायचं."

मी शेवटी वाजवत राहिले. सोलापुरात जॅझ शिकवणारं मला दुसरं कुणी माहीत नव्हतं. आणि जॅझने मला वेड लावलं होतं. ठरलेली चाल सोडून आपल्या मनातलं वाजवायचं, हे आमच्या घरात कुणाला कधी करू दिलं होतं?

वार्षिक कार्यक्रमात सरांनी मला एकटीने वाजवायला सांगितलं. मी जीव तोडून तयारी केली. सर म्हणाले, आबांनाही बँडचा ड्रेस घालून घेऊन ये. मला वाटलं, सत्कार करतील. जुळे सोलापुरातल्या त्या हॉलवर पोचलो, तर सर दारातच उभे.

"तुम्ही दोघं गेटवर वाजवा. पाहुणे येतायत. तुम्हाला सवय आहे."

झालरीचा लाल कोट घातलेले आबा माझ्या कानाशी लागले, "वाजव की. सर चिडले तर तुला फुडं कोण शिकवनार?"

 मी सरांकडे वळले.

"स्टेजवर वाजवीन. गेटवर नाही."

"मग उद्यापासून येऊ नकोस," सर म्हणाले.

मी क्लासचा सॅक्सोफोन पेटीत ठेवला आणि पेटी दारातच सोडली. आबा जागचे हलेनात. मग त्यांनी कोटाची बटणं काढली, कोट काखेत मारला आणि माझ्याबरोबर निघाले.  दुसऱ्या दिवशी त्यांनी आपला सॅक्सोफोन माझ्या उशाशी आणून ठेवला.

तोच घेऊन मी पुढचं शिकले. मोबाईलवर ऐकून, चुकत, रडत. अक्कलकोट रोडला यंत्रमागांच्या खडखडाटात वाजवायचे. तिथे कुणी गप्प बस म्हणत नव्हतं. आज पुण्यात, गोव्यात माझ्या नावावर लोक कार्यक्रमाला येतात.

परवा सरांचा फोन आला. आवाजात साखर.

"या वर्षीच्या कार्यक्रमाला प्रमुख पाहुणी तू. तुझ्या स्वागताला गेटवर बँड सांगितलाय."

"बँडवाले आत कधी येणार?"

"ते कशाला आत येतील?"

मी फोन ठेवला. माझी माणसं ज्या गेटवर उभी केली जातात, त्या गेटातून मी आत जाणार नाही.