हळदीची तारीख

आमच्या चिखलोलीत कुणाच्याही घरी लग्न ठरलं की लोक आधी भटजीकडे जायचे आणि तिथून थेट माझ्या नवऱ्याकडे. भटजी मुहूर्त सांगायचे, हे भांडी सांगायचे. जेवणावळीची मोठी भांडी भाड्याने द्यायचा आमचा धंदा सासऱ्यांपासूनचा. टोप, पराती, कढया, झारे, ओगराळी, सगळं घरामागच्या गोडाऊनमध्ये. माणूस दारात उभा राहून कार्य सांगायचा, हे क्षणभर डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "हाय, घेऊन जा," नाहीतर, "नाय, अंबरनाथला विचार." वही नाही, चिठ्ठी नाही. सगळं डोक्यात. मी कधी मध्ये बोलले तर म्हणायचे, "तू भाकऱ्या बघ." मीही भाकऱ्या बघायची.

मग यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. डोकं मात्र शाबूत होतं. डॉक्टरांनी ते सांगायची गरज नव्हती, मला यांच्या डोळ्यांत दिसत होतं. लोक यायचे आणि सवयीने यांनाच विचारायचे, "दादा, त्या दिवशी टोप मिळतील का?" हे तोंड उघडायचे, घशातून नुसती घरघर निघायची. माणूस बिचारा ओशाळून परत जायचा आणि हे भिंतीकडे तोंड करून पडायचे. जेवण दिलं तरी या कुशीवर वळायचे नाहीत.

एक दिवस धाकटे दीर आले. यांच्या उशाशी बसले आणि म्हणाले, "वयनी, नवीन स्टेशन होतंय. बिल्डर गोडाऊनची जागा मागतोय. भांडी भंगारात घालू, जागा देऊन टाकू. दादाचं औषधपाणी निघंल. ह्ये बायकांचं काम नाय."

दीर वाईट माणूस नाही हो. भावावर जीव आहे त्यांचा. पण 'भंगार' हा शब्द त्यांनी यांच्यासमोर उच्चारला, यांनी डोळे घट्ट मिटले, आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "भावजी, हा सीझन मी चालवून दाखवते. एका घरच्या हळदीला जरी टोप कमी पडला ना, तर खुशाल विका. मी हूं की चूं करणार नाही."

बोलून तर बसले. चालवायचं कसं? आधी वही घातली. पण कुणी तारीख पुढे ढकलली की खाडाखोड, कुणी दोन पराती वाढवल्या की बाण काढा. अमुक दिवशी काय काय मोकळं आहे हे बघायला सगळी वही उलटी-पालटी करायची. आठवड्यात त्या वहीपुढे हात टेकले. लेक वांगणीला दिलेली, तिचा जुना कॉम्प्युटर आमच्याकडे धूळ खात पडला होता. ती फोनवर म्हणाली, "आई, तुला डेटाबेस लागेल. एकदा शिकलीस की तूच विचारशील आणि तो उत्तर देईल." म्हटलं, असं असेल तर मला तोच पाहिजे. उत्तर देणारं कुणीतरी हवंच होतं घरात.

उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये फर्निचरच्या दुकानावर क्लास होता. शिकवणारी सिंधी मॅडम, माझ्याच वयाची. मला दारात बघून म्हणाली, "आईये भाभी, बेटी का ॲडमिशन है?" मी म्हटलं, "नाही, माझंच." कॉलेजच्या पोरी माना वळवून बघायला लागल्या. बघा म्हटलं, फुकट आहे.

मॅडमचा धडा वाचनालयाचा होता. एका टेबलात, म्हणजे तक्त्यात, पुस्तकं, दुसऱ्यात सभासद, तिसऱ्यात कुणी कुठलं पुस्तक कधी नेलं. मी हात वर केला. "मॅडम, माझ्याकडे पुस्तकं नाहीत, टोप आहेत." पोरी खुदखुदल्या. मॅडम मात्र शांतपणे म्हणाली, "तो क्या हुआ? टोप पण बाहेर जातो, टोप पण परत येतो. पहले कागज पे काढा, भाभी." मग मी कागदावर तीन चौकोन काढले: भांडी, माणसं, आणि कोण काय घेऊन गेलं ते. त्या चौकोनांकडे बघून मला पहिल्यांदा वाटलं की हे जमेल.

अडलं ते लवकरच. मॅडम म्हणाली, टेबलातल्या प्रत्येक वस्तूला तिचा स्वतःचा नंबर पाहिजे, तो दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. आणि आमच्या यच्चयावत भांड्यांवर सासऱ्यांचं एकच नाव कोरलेलं! हे प्रत्येक टोप त्याच्या पोच्यावरून ओळखायचे. त्या कॉम्प्युटरला पोचा कुठून कळणार? मग उल्हासनगरच्या बाजारातून नाव घालणारा घरी आणला. अंगणात यांची खाट टाकली आणि यांच्यासमोर प्रत्येक भांड्याच्या काठावर नंबर घालून घेतले. ठकठक ऐकून हे कुशीवर वळले ते पार शेवटच्या झाऱ्यापर्यंत बघत राहिले.

क्लासमध्ये ज्या दिवशी माझी पहिली क्वेरी चालली तो दिवस मी मरेपर्यंत विसरायची नाही. क्वेरी म्हणजे विचारणा. मी तारीख टाकली, बटण दाबलं, आणि त्या दिवशी मोकळी असलेली सगळी भांडी एकाखाली एक येऊन उभी राहिली. "अगंबाई!" माझ्या तोंडून एवढ्या जोरात निघालं की खालच्या दुकानातला शेठ वर येऊन बघून गेला.

तेव्हापासून कुणी आलं की मी घरच्या कॉम्प्युटरवर तारीख टाकायची आणि तडक सांगायची. संध्याकाळी यांना बुकिंग वाचून दाखवायची. शेखी म्हणा हवं तर, पण मला दाखवायचंच होतं. एका संध्याकाळी वाचलं, "मोठे टोप, बदलापूरचं घर, लग्न बुधवारी. तेच टोप, आपल्या आळीतलं घर, लग्न गुरुवारी."

हे एकदम उठून बसायला धडपडले. मान जोरजोरात हलवायला लागले. डाव्या हाताने गाल चोळायला लागले. मला वाटलं, दाढी खुपतेय. गरम पाणी, साबण, टॉवेल घेऊन आले. यांनी टॉवेल भिरकावला! म्हटलं, दाढ दुखतेय का? लवंग आणली. लवंगही उडाली. मीही चिडले, "अहो, काय पाहिजे ते नीट दाखवा ना!" यांनी बोट स्वयंपाकघराकडे केलं. मी एकेक वस्तू उचलून दाखवत गेले. मसाल्याचा डबा उचलला तशी मान खाली-वर झाली. डबा पुढ्यात धरला. यांनी हळदीत बोट बुडवलं आणि ती हळद माझ्या गालाला लावली.

मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हळद! अहो, पत्रिकेवर तारीख असते लग्नाची. आमच्याकडे टोप लागतात आदल्या दिवशी, हळदीला, मटणाला. आणि ते परत येतात पूजा झाल्यावर, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. बुधवारी लग्न असलेल्या घराचे टोप गुरुवारपर्यंत सुटणार नव्हते, आणि गुरुवारवाल्यांना ते बुधवारीच हवे होते. जन्म गेला माझा या हळदींत भाकऱ्या भाजण्यात, आणि मी तारीख घातली पत्रिकेची! कॉम्प्युटरचा काही दोष नव्हता. मी जे विचारलं त्याचंच उत्तर त्याने दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बदलापूरला जाऊन त्या घरच्यांना खरं ते सांगितलं. अंबरनाथच्या मांडववाल्याकडून त्यांच्यासाठी तेवढेच टोप ठरवले आणि हळदीच्या दिवशी स्वतः उभी राहून उतरवून घेतले. दोन्ही घरच्या पंगती उठल्या, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

पण मला ते पुन्हा व्हायला नको होतं. घरी जमिनीवर दोन ओगराळी शेजारी-शेजारी ठेवली. हे एका घरचं हळदीपासून पूजेपर्यंत, हे दुसऱ्या घरचं. ओगराळी पुढे-मागे सरकवून बघत बसले. एकाची सुरुवात दुसऱ्याच्या शेवटाच्या आत आली की टोप अडकले. खाटेवरून हे बघत होते. मी चुकीचं ठेवलं की घशातून खाकरायचे. क्लासला जाऊन मॅडमला सांगितलं, "पत्रिकेची तारीख काढून टाकायची. दोन तारखा पाहिजेत, भांडी निघायची आणि भांडी परतायची." मॅडमने ते क्वेरीत कसं लिहायचं ते दाखवलं आणि विचारलं, "ये आयडिया किसका?" म्हटलं, "आमच्या ह्यांचा." मग म्हटलं, "आणि माझा."

तो सीझन असा दणक्यात गेला म्हणून सांगू! एकाच मुहूर्तावर बदलापूर, वांगणी, शहाड, चहूकडे भांडी गेली. कुणाच्याही हळदीला टोप कमी पडला नाही. लोक आता येऊन मला विचारायला लागले होते. दीर मात्र अजून आले नव्हते.

आले ते एका दुपारी, हातात पत्रिका घेऊन. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. मी आत चुलीपाशी, हात पिठात, तवा तापलेला. बाहेरच्या खोलीत हे खाटेवर, आणि खाटेशेजारी टेबलावर कॉम्प्युटर चालू. दीर सवयीने भावाच्या पायाशी बसले आणि जुन्यासारखंच विचारून गेले, "दादा, त्या दिवशी भांडी हायत का?"

विचारलं आणि जीभ चावली त्यांनी. मी भाकरी तशीच हातात धरून थांबले. आता हे भिंतीकडे तोंड करणार, असं वाटून गेलं.

यांनी डोळे मिटले, अगदी पूर्वीसारखे. मग उघडले. डावा हात उचलला. बोट भावावरून, कॉम्प्युटरवरून पुढे सरकत सरकत दारातून आत आलं आणि माझ्यावर थांबलं.

दीर उठून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आले. पत्रिका दोन्ही हातांनी पुढे केली. "वयनी," म्हणाले, "टोप मिळतील ना?"

मी पीठ झटकलं, पदराला हात पुसले आणि म्हटलं, "पत्रिका राहू दे, भावजी. हळद कधी आहे, ते सांगा."

बाहेर खाटेवर हे हसले. घरघरच ती, पण हसणंच होतं.