लाल ट्रॅकच्या कडेला

परवा आमच्या जिल्ह्याच्या नव्या ट्रॅकवर मुलींची शंभर मीटरची शर्यत होती. पिस्तुलाचा बार झाला आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या वत्सलाचे खांदे नकळत पुढे झुकले. क्षणभरच. मग तिने पदर सावरला.

वत्सला आणि मी तरुणपणी एकत्र सराव करायचो. तेव्हा राज्यात तिच्याइतकं वेगाने कुणी धावत नव्हतं. पुढे गुडघा गेला, धावणं थांबलं आणि ती क्रीडा संघटनेच्या कामात शिरली, सचिव झाली. आम्ही मुरमाच्या मैदानावर ढोपरं सोलून घेत घरी जायचो. तशी वेळ पुढच्या मुलींवर येऊ नये म्हणून तिने वर्षानुवर्षं कार्यालयांचे उंबरे झिजवले आणि हा लाल, रबरी ट्रॅक करून घेतला.

"किती हलक्या पळतात गं ह्या," ती म्हणाली. "एकदा तरी असं पायाखाली मिळायला हवं होतं."

"मग चल की आता, एक फेरी मारू."

"ह्याच्यावर चालायचं?" ती हसली. "नको."

आपण ज्याची आस धरतो ते कधीकधी आपल्याच हातून घडतं, पण दुसऱ्यांसाठी. त्याचा आनंद खोटा नसतो. हुरहूरही खोटी नसते.

जिंकलेली मुलगी धापा टाकत आली आणि वत्सलाच्या पाया पडली. "मॅडम, तुम्हीपण पळायचात का?"

"हो," वत्सला म्हणाली, "थोडंफार."

मी काही बोलणार होते, पण ती त्या मुलीच्या घामेजल्या केसांवरून हात फिरवत राहिली. प्रत्येक शर्यतीत मी तिची पाठच पाहिली होती. त्या दिवशी तिचा चेहरा समोर होता आणि माझ्याने पाहवेना.